निसण्याची दुसरी बाजू

भाद्रपद लागला की साताऱ्यातल्या आमच्या घरात माळ्यावरून दोन गोष्टी खाली येतात. एक गणपतीच्या आराशीचं खोकं आणि दुसरी जुन्या टॉवेलात गुंडाळलेली डायमंड प्लेट. प्लेट म्हणजे वीतभर लांबीची लोखंडी पट्टी. तिच्या एका अंगावर हिऱ्याची बारीक कणी बसवलेली असते. नावात हिरा असला तरी दिसायला अगदी गरीब, सिमेंटच्या रंगाची. बोट फिरवलं तर मांजराच्या जिभेसारखी लागते. धार लावून लावून दगडाला मध्ये खळगा पडला की तो या प्लेटने घासून पुन्हा सपाट करायचा, एवढंच तिचं काम. मी तिच्यावर कुठे गंज चढला नाही ना ते उजेडात बघते, पुसते आणि बॅगेत साड्यांच्या खाली ठेवते. गणपती गेले की पलूसची, माहेराची वाट धरायची.

आबांचा फोन त्याआधीच येऊन गेलेला असतो. आबा म्हणजे माझे वडील. फोनवर ते खुशाली वगैरे विचारत नाहीत. "कवा येतीस? दगडं वाट बघत्यात," म्हणतात आणि ठेवून देतात. स्वतः वाट बघत असल्याचं सांगायची त्यांची ही रीत आहे, असं मी धरून चालते.

पलूसला आमच्या शेजारी राहणाऱ्या शांताकाकूंना हे अजून पटलेलं नाही. "लोकाच्या लेकी माहेराला पाठ टेकाय येत्यात. तुझी लेक दगड घासाय येती," असं त्या दरवर्षी आईला ऐकवतात. आई म्हणते, "तिला त्यातच इसावा वाटतोय, त्याला आपुन काय करायचं?"

खरंच वाटतो.

कराडला गाडी बदलली की हवा बदलते. साताऱ्याचा गार ओलेपणा मागे राहतो. उसाच्या रानांमधून गाडी पलूसकडे निघते तशी खिडकीतून कोंदट, उबदार वाफ आत येते. सर येते, जाते, मागोमाग ऊन पडतं आणि काळी जमीन धुमसायला लागते. बाळंतिणीच्या खोलीत असते तशी हवा. अंगाला चिकचिक होते, पण द्राक्षाच्या कलमाला हीच हवा मानवते. म्हणून आमच्याकडे कलमं भाद्रपदात भरतात.

ज्यांनी द्राक्षं फक्त फळवाल्याच्या गाडीवर पाहिली आहेत त्यांच्यासाठी सांगते. आमच्या भागात चांगल्या जातीचा वेल सरळ मातीत लावत नाहीत. आधी रानटी वेलाचा खुंट लावायचा. त्याची मुळं दांडगी, खारं पाणी सोसणारी, पण त्याला खाण्याजोगं फळ येत नाही. भाद्रपदात तो खुंट खाली कापायचा, मधोमध चीर द्यायची आणि चांगल्या वेलाची काडी पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवायची. वरून प्लास्टिकची पट्टी गच्च आवळायची. काडीची ओली साल खुंटाच्या ओल्या सालीला भिडली तर काडीवरचा डोळा फुटून कोंब येतो आणि तिथून पुढे ते एकच झाड होतं. नाही भिडली तर काडी आतल्या आत वाळते. टोळीनं हे काम करणाऱ्यांना कलमवाले म्हणतात. आबा कलमवाले. आई त्याच टोळीत बायकांबरोबर पट्ट्या बांधायची.

काडी बसवली की आबा एक डोळा मिटून जोडाकडे बघायचे. "जोडात उजेड दिसला की कलम गेलं," हे त्यांचं वाक्य मी पाढ्यांच्या आधी शिकले असेन. उजेड दिसू नये म्हणून पाचरीची दोन्ही अंगं काचेसारखी सपाट उतरावी लागतात, आणि ती एका ओढीत उतरावी लागतात. दुसऱ्यांदा चाकू लावला की खवला उठलाच. म्हणजे सगळं येऊन थांबतं ते धारेपाशी.

धार बघायची आबांची पद्धत एकच होती. डाव्या मनगटाच्या वर पातं अलगद फिरवायचं. केस साफ निघाले की धार आली. दिवसातून कितीदा तरी ते हे करायचे, त्यामुळे भाद्रपदात त्यांच्या डाव्या हातावर एक बोडका पट्टा असायचा. दिवाळीपर्यंत तिथे पुन्हा केस यायचे. शाळेत एकदा बाईंनी ऋतू बदलल्याच्या खुणा लिहायला सांगितल्या. मुलांनी बेडूक, इंद्रधनुष्य, आंब्याचा मोहोर असं लिहिलं. मी लिहिलं, भाद्रपदात वडिलांच्या हातावरचे केस जातात. बाईंनी ते मोठ्यानं वाचलं तेव्हा वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी बरोबरची खूण केली आणि विचारलं, "वैशाली, मग परत कधी येतात?" त्या बाईंची मी आजही ऋणी आहे. आपल्या घरातलं काही पाटीवर लिहिण्यासारखं असतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. कराडला मी इंजिनिअरिंगला होते ती वर्षं त्या बोडक्या पट्ट्यावर निघाली. त्याबद्दल आबांनी कधी चकार शब्द काढला नाही.

आबांचा धार लावायचा दगड त्यांना हणमूनानांनी दिला होता. अशा दगडाला आमच्याकडे निसणा म्हणतात. नानांनी आबांना हे काम शिकवलं. नानांचा हात थरथरायला लागला तेव्हा त्यांनी एका भाद्रपदाच्या शेवटी निसणा आबांच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाले, "आता हा माझ्याकडं बसून काय करंल?" नाना गेले, निसणा राहिला. काळसर, जड, आणि मध्ये होडीसारखा खोल गेलेला. अर्धा खळगा नानांच्या हाताचा, अर्धा आबांच्या. लहानपणी मी त्या खळग्यात पाणी घालून चिंचोके पोहायला सोडायचे.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं पूजतात. कोयता, खुरपं, विळी, चाकू हे सगळं पाटावर मांडलं जातं, आणि त्यांच्या मध्ये निसणा. तो सगळ्यांना धार देतो, म्हणून त्याचा मान मोठा. आई त्याला तेल चोळायची, हळदकुंकू वाहायची, झेंडूचं फूल ठेवायची. तेलानं न्हालेला तो दगड फार देखणा दिसायचा.

आता त्या भाद्रपदाचं सांगते, ज्याच्यामुळे ही प्लेट दरवर्षी माझ्याबरोबर प्रवास करते.

मी तेव्हा साताऱ्याच्या एमआयडीसीत नोकरीला लागले होते. आजही तिथेच, टूलरूममध्ये आहे. तिथे यंत्राच्या हत्याराला शेवटचा हात दगडावर देतात, आणि दगडाला खळगा पडलेला असेल तर कुणी त्याच्यावर हत्यार ठेवत नाही; आधी दगड प्लेटने सपाट होतो. नोकरी लागल्याच्या आनंदात मी आबांना एक नवा, पाणी लावून वापरायचा दगड पाठवला होता. मागोमाग घरासाठी म्हणून एक प्लेटही घेतली आणि त्या भाद्रपदात ती बरोबर नेली.

त्या वर्षी पलूसच्या स्टँडवर आबा मला न्यायला आले. बॅग घ्यायला त्यांनी हात पुढे केला. मी बॅग दिली आणि मग माझं लक्ष गेलं. भाद्रपद अर्धा सरला होता आणि त्यांच्या डाव्या हातावर केस होते.

घरी चुलीपाशी आईनंच सांगितलं. गेल्या भाद्रपदात आबांनी भरलेल्या दोन बागांत काड्या वाळल्या होत्या. एखाददुसरी वाळते, तशी नव्हे, ओळीच्या ओळी. या वर्षी पहिल्याच बागेत तसंच झालं. गावात कुणी तोंडावर बोललं नाही, पण चहाच्या टपरीवर शब्द फिरत होता, हात गेला. टोळीचे मुकादम दत्तूमामा हे आबांचे लहानपणापासूनचे मित्र. त्यांनी आबांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, "शिवा, औंदा तू पट्ट्या बांध. हात जरा इसाव्याला ठेव."

"मग?" मी विचारलं.

"मग काय. माझ्या शेजारी बसून पट्ट्या बांधत्यात," आई म्हणाली. "जल्मभर म्हणलं चार घटका माझ्यापाशी बसा, तर बसलं ते असं." ती हसली आणि तिनं फुंकणी उचलून चुलीत फुंकर मारली. धूर नसतानाही डोळे पुसले.

आणखी एक गोष्ट तिनं हळूच सांगितली. दुसऱ्यांच्या बागा भरण्यात उमर गेल्यावर आबांनी त्या वर्षी घरामागच्या तुकड्यात पहिल्यांदा आपले स्वतःचे खुंट लावले होते. आमची पहिली बाग. तिची कलमं भरायला त्यांनी दत्तूमामांना सांगितलं होतं. शनिवारी टोळी येणार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात नवा दगड मागितला. आबा म्हणाले, "त्यो चालंना. गुळगुळीत झालाय. पातं नुसतं घसरतंय. मग परत नानाचाच काढला."

आईनं देवघराच्या फळीवरून तो आणला. मी पाठवला तेव्हा तो पांढरट होता. आता शेंदरी झाला होता आणि त्याला करडईच्या तेलाचा वास येत होता.

"गेल्या खंडेनवमीला नवा हुता म्हणून पूजा जरा दांडगीच केली," आई म्हणाली. "लय तेल प्याला बघ. घालंल तेवढं पीत हुता."

मला हसू आवरेना. पाणी पिऊन काम करायचा तो दगड. तेल त्याच्या बारीक छिद्रांत जाऊन बसलं होतं आणि वर हळदकुंकवाची खळ जमली होती. मी भांड्यांचा साबण आणि प्लेट घेऊन बसले. दगडावर पेन्सिलीनं उभ्या-आडव्या रेघा मारल्या, ओल्या पोत्यावर दगड ठेवला आणि त्यावरून प्लेट फिरवायला लागले. नारिंगी लगदा निघाला.

"काय चिखल निघतोय हा," मी म्हणाले.

"चिखल म्हणू नगंस. देवाची हळद हाय ती," आई म्हणाली आणि तिनं तो लगदा पायाखाली जाऊ नये म्हणून तांब्यात धरून तुळशीत नेऊन घातला. आबा ओट्यावर बसले होते. ते हसले. मी आल्यापासून पहिल्यांदाच.

तेल खोल गेलं होतं. तो दगड पुरता कधी सुधारला नाही. पुढे तो आईच्या विळीला गेला. "म्हंजे माझाच झाला म्हण," असं म्हणून तिनं तो चुलीमागे ठेवला. अजून तिथेच आहे.

मग मी नानांचा निसणा घेतला. त्यावरही रेघा मारल्या आणि प्लेट दोनचारदा फिरवली. दोन्ही टोकांच्या रेघा लगेच गेल्या. मधल्या सगळ्या जशाच्या तशा राहिल्या, कारण प्लेट त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हती. आबा ओट्यावरून उतरले आणि त्यांनी दगड माझ्या हातातून काढून घेतला.

"ह्यो नगं," ते म्हणाले. "नानाचा हात हाय त्यात."

त्यांचा अंगठा त्या खळग्यात फिरत होता. मी प्लेट धुऊन कोरडी केली. सपाटी कशी मोजतात हे मी कॉलेजात शिकले होते, पण त्या अंगठ्यापुढे ते सांगावंसं वाटलं नाही. आई भाकरी थापायला आत गेली. अंगणात कोंबड्यांची तेवढी हालचाल होती.

बऱ्याच वेळानं आबांनी कलमाचा चाकू काढला. पात्याची सरळ पाठ निसण्याच्या खळग्यावरून आडवी ठेवली. मग काय वाटलं कोण जाणे, त्यांनी दगड आणि चाकू तसेच धरून डोळ्यांसमोर उचलले, आभाळाकडे. एक डोळा मिटला.

"वैशे, हिकडं ये. हितनं बघ."

मी वाकून बघितलं. पात्याच्या खालून आभाळ दिसत होतं. पातळ, लांबट, चंद्रकोरीसारखा उजेड.

"दिसतोय?"

"दिसतोय."

"व्हय," आबा म्हणाले आणि दगड खाली ठेवला. "ह्या खड्ड्यात पातं पोटावर घासतंय. पोटाला फुगीर झालंय. मग काप सपाट कुठनं येणार?" मग ते म्हणाले, "वर्सभर मी हाताकडं बघतोय. रातच्याला दिव्याखाली बोटं धरून बघतोय, हलत्यात का. दगडाकडं न्हाई बघितलं."

मग त्यांनी निसणा उचलला आणि पालथा केला. ती बाजू मी कधी पाहिलीच नव्हती. खडबडीत, टाकीचे घाव तसेच असलेली.

"ही बाजू कुणाचीच न्हाई," आबा म्हणाले. "हिला घास."

मी घासायला लागले, पण मला फार वेळ मिळाला नाही. "सरक, मला दे," म्हणून ते स्वतःच बसले. मी एवढंच सांगितलं की दाबायचं नाही, प्लेटचं वजन पुरे, आणि दगड मधूनमधून फिरवून घ्यायचा, नाहीतर एका अंगाला उतरता होतो. आई तांब्यानं पाणी सोडत राहिली. सुरुवातीला खरखर मोठी होती, दात शिवशिवतील अशी. मग आवाज बारीक होत गेला. राखाडी दुधासारखं पाणी पोत्यावरून ओघळत अंगणात गेलं. शांताकाकू कुंपणापाशी येऊन म्हणाल्या, "काय वो, मसाला वाटताय का?" आबा मान वर न करता म्हणाले, "व्हय, या जेवायला."

पेन्सिलीच्या रेघा मी पुन्हा पुन्हा मारत होते आणि त्या पुसल्या जात होत्या. शेवटी एका कोपऱ्यातली एक रेघ तेवढी उरली. आबांनी पाणी घेतलं आणि तीही गेली. त्यांनी चाकूची पाठ त्यावर ठेवली, आभाळाकडे धरली. या खेपेला मला बोलावलं नाही. दगड पुसला, कडा प्लेटने हलक्या मारून घेतल्या, म्हणजे टवके उडत नाहीत, आणि दुपारभर एकच चाकू त्या नव्या बाजूवर लावत बसले.

मनगटावर मात्र त्यांनी पातं फिरवलं नाही. मी वाट बघत होते. त्यांनी चाकू कापडात गुंडाळून ठेवून दिला.

शनिवारी दत्तूमामा टोळी घेऊन आले. घरामागच्या तुकड्यात खुंट हाताला लागतील एवढे वाढले होते. काड्या ओल्या गोणपाटात तयार होत्या. बायका पट्ट्या कापत होत्या. आबा पहिल्या ओळीशी उभे होते.

मग आबांनी डावी बाही वर केली, कापडातून चाकू काढला आणि मनगटाच्या वर फिरवला. केस पात्यावर गोळा झाले. त्यांनी फुंकर मारली. पहिल्या खुंटापाशी बसले, खुंट कापला, चीर दिली. काडी घेतली. एक ओढ या अंगानं, एक त्या अंगानं. काडी चिरेत बसवली, एक डोळा मिटून बघितलं आणि पट्टीसाठी हात मागे केला. पट्टी द्यायची ती आई, पण ती जागच्या जागी उभी राहिली होती.

दत्तूमामा खाली वाकले. त्यांनी आईच्या हातातून पट्टी घेतली आणि आबांच्या शेजारी बसले.

"शिवा, मी बांधू का?"

"बांध," आबा म्हणाले. "पर घट्ट बांध. तुझी गाठ ढिली असतीया."

"अजून काड्या फुटायच्या हायत, तवर लागला बोलाय," दत्तूमामा म्हणाले, आणि ओळ पुढे सरकली.

मी दुसऱ्या दिवशी साताऱ्याला परतले. ते पुढचे दिवस मला आजही ऊन-सरींच्या खेळासारखे आठवतात. आशा यायची, जायची. कामावर यंत्रापुढे उभी असताना मनात काड्या असायच्या. आबांचा दगड सपाट झाला होता, पण हाताबद्दलची शंका नुसत्या दगडानं जाते का, हे मला माहीत नव्हतं. मी फोन करायचे तेव्हा आई पावसाचं सांगायची, म्हशीचं सांगायची. बागेचं मी विचारत नव्हते आणि ती सांगत नव्हती.

एका सकाळी आबांचा फोन आला. तोवर ते स्वतः कधी फोन करत नसत.

"डोळं फुटलं," ते म्हणाले.

"किती?"

"गेल्यात काय काय. ती परत भरतो. पर फुटलं." मग म्हणाले, "सकाळी दार उघडलं तर पायरीवर दगड ठेवलेला. दत्त्याचा. खड्डा पडलेला. बोलला न्हाई काय, नुसता ठेवून गेला. तुझी ती लोखंडाची पट्टी कवा घेऊन येतीस?"

तेव्हापासून दर भाद्रपदात मी जाते. प्लेट तिथेच ठेवून यावी असं एकदोनदा मनात आलं. आबा म्हणाले, "हितं ओलीत गंजंल." खरं कारण ते नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे. मी जायच्या आधी ओट्यावर टोळीचे दगड येऊन पडलेले असतात. पेन्सिलीच्या रेघा आबाच मारतात, शाळेतल्या मुलासारख्या जीभ दातांत धरून. आई पाणी सोडते. तेल मात्र तिनं बंद केलं. खंडेनवमीला निसणा आता पालथा मांडला जातो, नानांचा खळगा वर करून. हळदकुंकू त्या खळग्यात राहतं, झेंडूचं फूल त्यात नेमकं बसतं, आणि खालची सपाट बाजू कोरडी राहते. माझ्या घरच्या दोन्ही श्रद्धा अशा एकाच दगडावर पाठीला पाठ लावून राहतात.

दरवर्षीच्या घासण्यानं निसणा थोडा पातळ होतो. एका बाजूनं खळगा आणि दुसऱ्या बाजूनं आमची प्लेट. कधीतरी मधली भिंत उरणार नाही आणि दगडाला भोक पडेल. मी एकदा आबांना तसं म्हटलं. ते म्हणाले, "पडू दे की. तवर बागा किती हुत्यात बघ."

घरामागची बाग आता मांडवभर पसरली आहे. कलमाचा जोड कुठे होता ते खोडाशी बसून शोधावं लागतं. बोटाला एक हलकी गाठ लागते, तेवढीच. मी कधी कधी त्या गाठीवर हात ठेवून बसते. मुळं कुणाची आणि फळ कुणाचं, हे तिथे बसल्यावर आपोआप आठवतं, आणि कराडची ती वर्षं, टूलरूममधली माझी जागा, साताऱ्याचं घर, सगळं त्या गाठीच्या वरचं आहे असं वाटतं.

यंदाही बॅग भरून झाली आहे. पलूसच्या स्टँडवर आबा उभे असतील. मी पायरी उतरायच्या आत बॅग घ्यायला डावा हात पुढे करतील. मी आधी त्या हाताकडे बघेन, मग त्यांच्या तोंडाकडे.